बाबांच्या अंघोळीपुरता उजेड

आमच्या बाथरूममधला दिवा गेला तेव्हा माझे सासरे आत होते आणि मानेपासून खाली साबणात होते. मानेपासून खाली अशासाठी, की त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं आणि डोळ्यात पाण्याचा थेंबही जाता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आतून फट्‌ असा आवाज आला, दाराच्या फटीतून जळका वास आला आणि मग सगळं शांत. मी आणि माझा नवरा ज्ञानेश्वर, दोघंही दारावर थापा मारायला लागलो. बाबा, काय झालं, बाबा, बरे आहात ना, असं आम्ही एकाच वेळी विचारत होतो. आतून अगदी सावकाश उत्तर आलं, “काय नाय. आत रात पडली.”

बाहेर तेव्हा सकाळचं कोवळं ऊन होतं. वाशिंदच्या आमच्या इमारतीचं हे वैशिष्ट्यच आहे. बिल्डरने प्रत्येक बाथरूमला झरोका दिलाय, पण तो ज्या बोळकांडीत उघडतो तिथे सूर्य कधी पोचलेला नाही. तिथे फक्त पाइप आणि कबुतरं यांना प्रवेश आहे.

बाबा भिंत चाचपत, टॉवेल गुंडाळून, डोळ्यांवर डॉक्टरांनी दिलेला काळा चष्मा लावून बाहेर आले. अंधारातही त्यांनी तो काढला नव्हता. डॉक्टरांनी काढू नका म्हटलं होतं, विषय संपला.

मग ज्ञानेश्वरने बॅटरी मारून वर पाहिलं. नुसता बल्ब गेला असता तर मी आत्ता हे सांगत बसले नसते. पण अख्खा दिवाच, म्हणजे त्याची बैठक, होल्डर आणि खालचं काचेचं भांडं, सगळं करपलं होतं. त्या भांड्यात कित्येक पावसाळ्यांचे किडे साठलेले होते. त्यांच्यातून जो काही पिवळट उजेड खाली गाळून यायचा, त्यात आम्ही इतकी वर्षं अंघोळ करत होतो.

आता बाबांबद्दल थोडं सांगते. ते गावी, शेणव्याला एकटे राहतात. ऑपरेशनसाठी त्यांना आम्ही वाशिंदला आणलं खरं, पण आल्या दिवसापासून ते परत जायचं कारण शोधत होते. वालाच्या शेंगा भरल्या असतील, राखायला कोणी नाही. इथलं पाणी जड आहे. इथे दार लावून बसतात. ही कारणं आम्ही एकेक करून परतवली होती. दिव्याने मात्र त्यांच्या हातात भक्कम कारण दिलं. शेणव्याला ते अंगणातल्या दगडावर बसून न्हातात, तिथे सूर्याचं बटण दाबावं लागत नाही, असं ते म्हणाले आणि त्यांनी आपली कापडी पिशवी भरायला घेतली.

ते गेले असते तर पहिल्याच दिवशी चुलीच्या धुरात बसले असते, दुसऱ्या दिवशी शेतात, आणि डोळ्यात औषध कोण घालणार होतं? डॉक्टरांनी पुन्हा तपासेपर्यंत त्यांना राहायलाच हवं होतं. ज्ञानेश्वरने हे त्यांना हात जोडून सांगितलं. बाबा म्हणाले, रविवारपर्यंत बघतो. थोडक्यात, माझ्या सासऱ्यांचा डोळा आता आमच्या बाथरूमच्या दिव्यावर अवलंबून होता.

आमच्या इमारतीचा इलेक्ट्रिशियन शाम. माणूस चांगला, पण मूळचा मुरबाडकडचा, आणि तिकडची म्हसा गावची जत्रा लागली की तो वाशिंदला सापडत नाही. तिथल्या पाळण्यांच्या रोषणाईचं काम त्याच्याकडे असतं. मी फोन केला तर मागे इतका गोंगाट की मला स्वतःचंच बोलणं ऐकू येईना. जत्रा उठेपर्यंत येणं शक्य नाही, पण काम सोपं आहे, फोनवर सांगतो, असं तो म्हणाला. मी कागद-पेन घेऊन बसले. आधी काय करायचं, तर लाल वायर, एवढं ऐकू आलं आणि पुढचं वाक्य जत्रेच्या लाउडस्पीकरने गिळलं. घोंगड्यांच्या दुकानांमागे एक पांढरा बैल मोकळा फिरतोय, मालकाने येऊन घेऊन जावा. बैलाचं सगळं वर्णन संपल्यावर शामचा आवाज परत आला, “तेवढं केलं नाय ना मॅडम, तर मात्र जोरात बसंल.” तेवढं म्हणजे काय, हे विचारेपर्यंत फोन कट झाला. माझ्या कागदावर लाल वायर आणि पांढरा बैल एवढंच होतं.

तेव्हा मी ठरवलं की दिवा मीच बसवणार.

हे उगाच नव्हतं. मी शहापूरच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. विद्युतधारेचा धडा मी डोळे मिटून शिकवू शकते. आजवर मी शेकडो दिवे पेटवलेत, फक्त ते सगळे खडूचे होते. खरा दिवा लावायची वेळ कधीतरी येणारच होती. आणि ज्ञानेश्वरकडून काही अपेक्षा करण्यात अर्थ नव्हता. लहानपणी शेतावरच्या पंपाने त्याला झटका दिला होता. तेव्हा त्याने आईला वचन दिलं की विजेला हात लावणार नाही, आणि ते तो इतकं काटेकोर पाळतो की आजही फ्रिज उघडताना पायात चप्पल घालतो. बाकी कारखान्यात त्याच्या हाताखाली माणसं आहेत. ती त्याला घाबरतात म्हणे.

शाळा सुटल्यावर शहापूरच्या बाजारात विजेच्या सामानाच्या दुकानात गेले आणि बाथरूमचा बंद झाकणाचा, पाण्याची वाफ आत न शिरणारा दिवा मागितला. दुकानदाराने विचारलं, बसवणार कोण? मी म्हटलं, मी. त्याने माझ्या मागे वाकून पाहिलं, की तिथे कोणी उभं आहे का. कोणी नव्हतं. मग त्याने फार सौजन्याने सुचवलं की मिस्टरांना पाठवून द्या, त्यांना नीट समजावून सांगतो. मी सांगितलं की मिस्टर घाबरतात. त्याला हा विनोद वाटला आणि तो मनापासून हसला. दिवा मात्र चांगला दिला. हा पाण्यात बुडवला तरी याला काही होत नाही, असंही ठामपणे म्हणाला.

शनिवारी संध्याकाळी मी स्टुलावर चढले. तोवर बातमी शेजारी पोचली होती आणि समोरच्या फ्लॅटमधले सावळारामकाका मार्गदर्शनासाठी हजर झाले होते. काका एका कारखान्यातून निवृत्त झालेत. ते होते भांडार विभागात, पण त्यांचं टेबल मेंटेनन्सवाल्यांच्या खोलीला लागून होतं आणि त्यातून त्यांना विजेचं ज्ञान झालेलं आहे. त्यांचं म्हणणं असं, की लाकडी पाटावर उभं राहिलं की चालू वायरीलाही हात लावता येतो, मेन बंद करणं हे घाबरट लोकांचं काम. मी म्हटलं, मी घाबरटच आहे. विजेच्या बाबतीत माणसाने घाबरट असावं, असं मी पोरांनाही सांगते. काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, की त्या पोरांची त्यांना दया आली असावी.

मी आधी टेस्टर हॉलमधल्या चालू प्लगमध्ये घालून पाहिला, पेटला. म्हणजे टेस्टर ठीक. मग बाथरूमचं बटण बंद केलं, जळका होल्डर सोडवला आणि वायरीला टेस्टर लावला. पेटला. बटण बंद असताना. काका म्हणाले, टेस्टर खराब आहे. त्यांनी स्वतःचा आणला, तोही पेटला. काका म्हणाले, दोन्ही खराब आहेत. मी म्हटलं, काका, बटण बंद करूनही वीज दिव्यापर्यंत येऊन थांबतेय, म्हणजे बिल्डरच्या माणसाने बटण उलट्या वायरीवर बसवलंय. काका म्हणाले की इतकी मोठी कंपनी असं करणार नाही. ही इतकी मोठी कंपनी बाथरूमला कबुतरांचा उजेड देते, हे ते विसरले होते.

मग मी दारामागच्या विजेच्या पेटीतलं ‘बाथरूम’ लिहिलेलं बटण खाली केलं. स्वयंपाकघरात अंधार झाला. बाबा तिथे चहाची वाट बघत बसले होते. ते तिथूनच म्हणाले, “अंजू, रात फिरायला निघाली का गो?” मी ते बटण वर केलं आणि सरळ पेटीतल्या मोठ्या मेन स्विचकडे वळले. तो फ्लॅट घेतल्यापासून कोणी हलवलेला नव्हता. मी जोर लावला आणि त्याची दांडी तुटून माझ्या हातात आली. स्विच होता तसाच चालू.

आता खाली मीटर-खोलीत जाऊन आमच्या फ्लॅटचं कनेक्शन बंद करणं हा एकच मार्ग होता, आणि त्या खोलीची किल्ली सोसायटीचे सेक्रेटरी जगदीशराव यांच्याकडे असते. जगदीशराव सरकारी कचेरीत आहेत. स्वभावाने इतके सरळ, की सरळ रेषेबाहेर त्यांना काही दिसत नाही. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि अर्ज मागितला. मी म्हटलं, स्विच माझा, मीटर माझा, दिवाही माझा. ते म्हणाले, खोली सोसायटीची. मी अर्ज लिहिला. त्यांनी तो वाचला आणि परत दिला, कारण विषयाच्या जागी मी ‘दिवा’ लिहिलं होतं, तिथे ‘अंतर्गत विद्युत दुरुस्ती’ हवं होतं. दुसरा अर्ज घेतला. मग रहिवाशांना पूर्वसूचना हवी म्हणून त्यांनी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सूचना टाकली, की उद्या सकाळी विद्युत कामानिमित्त वीजपुरवठा बंद राहील, सहकार्य करावे. कोणत्या फ्लॅटचा, ते लिहायचं राहून गेलं.

रविवारी सकाळी उठले तर नळाला पाणी नव्हतं. वीज जाणार म्हणजे पंप बंद, पंप बंद म्हणजे पाणी बंद, असा हिशेब करून सगळ्या इमारतीने पहाटेपासून मिळेल ते भांडं भरून घेतलं होतं. गच्चीवरची आणि खालची, दोन्ही टाक्या रिकाम्या झाल्या होत्या. आमच्या बाथरूममध्येही पाय ठेवायला जागा नव्हती. ज्ञानेश्वरने ग्रुपवर सूचना वाचून सगळ्या बादल्या, पातेली आणि लोणच्याची धुतलेली बरणीसुद्धा भरून ठेवली होती. कोणाचं काम निघालंय कोणास ठाऊक, असं तो मला म्हणाला. मी त्याला सांगितलं कोणाचं ते.

जगदीशराव किल्ली घेऊन मीटर-खोलीत माझ्याबरोबर आले. मीटरखाली खडूने फ्लॅटचे नंबर लिहिलेले होते. मी आमच्या नंबरखालचा स्विच बंद केला आणि वर ज्ञानेश्वरला फोन लावला. पंखा चालूच आहे, म्हणाला. तेवढ्यात जिन्यातून जगदीशरावांच्या बायकोची हाक आली, की मिक्सर अर्ध्यात बंद पडला. जगदीशरावांनी खडूच्या नंबरांकडे दुखावल्यासारखं पाहिलं. ते नंबर त्यांनी स्वतः घातलेले होते. शेजारचा स्विच बंद केल्यावर आमचा पंखा थांबला. जगदीशराव त्या स्विचपाशी पहारा देत उभे राहिले. कोणी चुकून चालू करू नये म्हणून. आणि हे मी आधी सांगितलेलं नसताना त्यांनी केलं, हे इथे नमूद करते.

वर आले तर तयारी झालेली होती. बाबा दारात बॅटरी घेऊन उभे होते, काळा चष्मा लावून. त्यामुळे बॅटरीचा झोत मी जिथे काम करणार तिथे सोडून बाकी सगळीकडे पडत होता. आणि ज्ञानेश्वर माझ्या मागे कपडे बडवायचं लाकडी धोपाटणं घेऊन उभा होता. सावळारामकाकांच्या रंभाकाकूंनी त्याला सांगितलं होतं, की माणूस विजेला चिकटला तर हाताने ओढायचं नाही, कोरड्या लाकडाने मारून सोडवायचं. हे बरोबरच आहे. मी त्याला समजावलं की वीज पूर्ण बंद आहे, आता चिकटण्यासारखं काही उरलेलं नाही. त्याला पटलं, असं तो म्हणाला. धोपाटणं मात्र खाली ठेवलं नाही.

मी टेस्टर लावून पाहिलं, नाही पेटला. रबरी चपला घातल्या होत्या, हात कोरडे होते. एका हातात नवा दिवा, झाकण उघडलेला, आणि दुसऱ्या हाताने मी जुन्या दिव्याची बैठक ओढली. बैठक निघाली आणि तिच्या मागून एक जाड पाल माझ्या मनगटावर पडली.

मी किंचाळले, हे मी नाकारत नाही. वीज बंद आहे हे ज्ञानेश्वरला पूर्ण माहीत होतं, पण ती किंकाळी ऐकल्यावर त्याने फक्त आपल्या बायकोला वाचवायचं ठरवलं. धोपाटणं माझ्या दंडावर बसलं. नवा दिवा हातातून सुटला आणि ज्ञानेश्वरने प्रेमाने भरून ठेवलेल्या सर्वांत मोठ्या बादलीत जाऊन बुडाला. पाल कुठे गेली ते कळलं नाही.

बाबांनी बॅटरीचा झोत पहिल्यांदाच अचूक, बादलीवर धरला. “गेला,” ते म्हणाले.

ज्ञानेश्वरचा चेहरा पाहवत नव्हता. सुटलीस ना, असं तो पुन्हा पुन्हा विचारत होता आणि माझा दंड चोळत होता. मला चिडायचं होतं, पण ज्या माणसाने विजेपासून दहा हात लांब राहायचं वचन पाळलं, तो मी चिकटले असं वाटताच पुढे धावला, हे डोक्यात आलं आणि चिडणं जमलं नाही. थोड्या वेळाने त्याने सुचवलं की दुकानदार म्हणाला होता ना, बुडवला तरी काही होत नाही. मी म्हटलं, झाकण बंद असेल तर. पाणी शिरलेला दिवा मी या घरात लावणार नाही. आपण दुसरा आणू.

शहापूरला जायला निघाले तर बाबाही चप्पल घालून तयार. मी म्हटलं, धूळ असेल, थांबा घरी. ते म्हणाले, चष्मा कशाला दिलाय मग. रिक्षात ते रस्त्याकडे बघत बसले. मला वाटलं, आता रविवार आला, दिवा नाही, हे तिथूनच शेणव्याची गाडी पकडतात. त्यांनी पिशवी मात्र आणली नव्हती.

दुकानदाराने पहिला दिवा कुठे गेला विचारलं. बादलीत, मी म्हटलं. तो गंभीर झाला. मला बाजूला ठेवून त्याने बाबांना गाठलं आणि वायर कशी सोलायची, कोणती कुठे, हे तो त्यांना समजावून सांगू लागला. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “मना काय सांगतो? मना दिसत पन नाय नीट. ती मास्तरीन हाय, काम तिचा हाय, तिला सांग.”

दुकानदाराने पहिल्यांदा माझ्याकडे पाहून बोलायला सुरुवात केली. मग मीही विचारलं जे विचारायचं होतं ते. जोडाला फक्त चिकटपट्टी न गुंडाळता स्क्रूचा कनेक्टर घेतला. मुख्य म्हणजे हिरवी वायर. आमच्या जुन्या दिव्यामागे ती कापून तशीच कोंबलेली मी पाहिली होती. धातूची बैठक असलेल्या दिव्याला ती जोडायलाच हवी, नाहीतर कधी बिघाड झाला तर वीज बैठकीतून अंघोळ करणाऱ्याच्या अंगात उतरेल. हे मी दुकानदाराला सांगितलं की त्याने मला, ते आता आठवत नाही. आम्ही दोघं एकमेकांना सांगत होतो.

परत आल्यावर काम इतकं सुरळीत झालं की सांगण्यासारखं काही नाही. जगदीशराव जेवून येऊन पुन्हा पहाऱ्यावर उभे राहिले होते. मी टेस्टर पुन्हा लावून पाहिला. आधी बाहेरचं बटण उघडलं, आणि खरोखरच ते उलट्या वायरीवर होतं. ते लाल वायरीवर घेतलं, म्हणजे बटण बंद केलं की दिव्यात काही उरणार नाही. मग दिवा. लाल, काळी, हिरवी, प्रत्येक वायर जोडल्यावर ओढून पाहिली. झाकण रबरासकट घट्ट बसवलं. सावळारामकाका दारातून बघत होते. बटणाचं खरं निघाल्यावर ते म्हणाले की असंही असतं कधीकधी. वीज चालू केली, दिवा लागला, बंद केला, विझला. मग पेटीतली बटणं एकेक करून पाहिली. बाथरूमचं बटण ‘एसी’ नावाखाली होतं. आमच्याकडे एसी नाही. नवी नावं मी स्वतः लिहून चिकटवली. तुटलेल्या मेन स्विचचं शामला कळवलं. जत्रा उठली की पहिलं ते काम, असं तो म्हणाला, आणि या वेळी बैल मध्ये आला नाही.

एवढं सगळं झालं, पण त्या दिवशी आत कोणी गेलं नाही. टाकीत पाणी नाही, असं प्रत्येक जण म्हणत होता.

सोमवारी पाणी आलं. ज्ञानेश्वर म्हणाला की त्याची पहिली पाळी आहे, तो कारखान्यातच अंघोळ करील. मला शाळेच्या वह्या तपासायच्या आठवल्या. सगळे जोड मी स्वतः केले होते, सगळं बरोबर होतं, तरी मी वह्या तपासत होते. बाबा उठले, खांद्यावर टॉवेल टाकला आणि निघाले. मी धावत जाऊन म्हटलं, थांबा, मी आधी एकदा बघते.

“तूच जोडलीस ना?”

“हो.”

“मंग?” म्हणाले, बटण दाबलं, आत गेले आणि कडी लावली.

मी पेटीपाशी जाऊन उभी राहिले, बाथरूमच्या बटणावर बोट ठेवून. ज्ञानेश्वर बूट घालून तयार होता, पण निघत नव्हता. आत बादलीचा आवाज आला. तांब्याचा आला. मग आवाज थांबला. आणि बाबांनी जोरात हाक मारली, “अंजू!”

मी बटण खाली पाडलं. दाराच्या फटीतला उजेड गेला.

“अगो, लायट का घालवली?” आतून आवाज आला, अगदी धडधाकट.

“बाबा, काय झालं? हाक का मारलीत?”

“भिंतीच्या लादीवर फुला हायत गो. निली निली, बारीक. एवढं दिस इथं न्हातोय, मना कोनी सांगितला नाय.” जरा थांबून म्हणाले, “लाव लायट. मी बघतोय.”

मी बटण वर केलं. आत पुन्हा पाण्याचा आवाज सुरू झाला. ज्ञानेश्वरने माझ्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, कसली फुलं. मी मान हलवली. मलाही माहीत नव्हतं.